भाऊबीजेसाठी नेझुको: वीतभराहून लहान क्रोशाची बाहुली

भाऊबीजेला तीन आठवडे होते. माझा १२ वर्षांचा भाचा कोथरूडला आमच्याकडे आला, दप्तरातून एक चित्र काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "आत्या, ताईला ही द्यायची आहे. विकतची नको. तू शिकव, मी करतो."

चित्र नेझुकोचं होतं. 'डीमन स्लेयर' पाहणाऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. ज्यांच्या घरात अजून ती आली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: 'डीमन स्लेयर' ही आधी जपानी साप्ताहिकातली चित्रकथा होती, २०१६ ते २०२० अशी चालली, आणि २०१९ पासून ॲनिमे म्हणून पडद्यावर आली. नेझुको राक्षसीण झालेली आहे. तिला ऊन चालत नाही, म्हणून तिचा थोरला भाऊ तान्जिरो तिला लाकडी पेटीत बसवून पाठीवर घेऊन हिंडतो. तिने कुणाला चावू नये म्हणून तोंडात बांबूचं कांडं बांधलेलं असतं. बहिणीला पाठीवर घेऊन फिरणारा भाऊ, आणि भाऊबीजेची भेट! पोराने इतकं नेमकं निवडलं होतं की मी हातातली भाजी बाजूला ठेवून लोकरीचं कपाट उघडलं.

क्रोशा मी आईकडून शिकले. तिच्या काळी रुखवतात ठेवायचे रुमाल, तोरणं, तांब्यावरची झाकणं असायची. बारीक स्टीलची सुई आणि पांढरा सुती दोरा. अमिगुरुमी ही त्याच सुईची जपानी बहीण आहे. 'अमी' म्हणजे विणणं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरून केलेली मऊ बाहुली, त्या दोन्हींतून हा शब्द झाला. रुमाल जाळीदार हवा, त्यातून पलीकडचं दिसायला हवं. बाहुलीचं उलट. टाके इतके घट्ट हवेत की आतलं भरण कुठूनही डोकावता कामा नये. रुमालावर हात बसलेल्या बायकांना सगळ्यात आधी हीच सवय बदलावी लागते.

आधी तीन खुणा ठरवा

कुठलीही ॲनिमे बाहुली करायची असेल तर सुई हातात घेण्याआधी चित्र समोर ठेवून स्वतःला विचारा: हिच्या अंगावरच्या कुठल्या तीन गोष्टी काढल्या तर ती ओळखू येणार नाही? नेझुकोच्या तीन खुणा आम्ही लिहून काढल्या. तोंडातला बांबू. टोकाला केशरी होत जाणारे लांब काळे केस. तपकिरी हाओरीखालचा, म्हणजे वरच्या अंगरख्याखालचा, गुलाबी किमोनो. मेहनत या तिघांवर ओतायची, बाकी सगळं साधं ठेवायचं. बोटं, गुडघे, नाक, सपाता यांच्या मागे मी लागले नाही. १४ सेंटिमीटरच्या बाहुलीत नाक घातलं की चेहरा म्हातारा दिसतो.

सामान

लोकर चार पदरी ॲक्रिलिक घ्या, फार केसाळ नको. केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि मोजता येत नाहीत. गुलाबी, काळी, तपकिरी आणि अंगाच्या रंगाची प्रत्येकी एक छोटी लडी पुरते. केशरी, हिरवी, लाल, पांढरी यांचे घरातले तुकडे चालतात. सुई २.५ मिलिमीटरची, आणि केसांच्या टोपीसाठी ३ मिलिमीटरची. पाकिटावर लोकरीसाठी ४ मिलिमीटर वगैरे लिहिलेलं असतं, ते स्वेटरसाठी. बाहुलीला त्याहून बारीक सुईच लागते.

आम्ही वनाजहून मेट्रोने निघालो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरलो आणि चालत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. दिवाळीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी दुकानं उघडता उघडता पोचलो. अंगाचा रंग दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका. लडी दारापर्यंत नेऊन उन्हात बघा. पिवळट रंग दिव्याखाली छान वाटतो आणि घरी आल्यावर बाहुलीला कावीळ झाल्यासारखी दिसते. सुया आणि भरतकामाचे दोरे तुळशीबागेत मिळाले. भरायला उशीतला फायबर घेतला. साधा कापूस भरू नका, त्याच्या गुठळ्या होतात आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही.

शिवाय एक मोठी बोथट सुई, एक सेफ्टी पिन आणि कागद-पेन्सिल. कागद-पेन्सिल सुईइतकीच महत्त्वाची आहे, पुढे सांगते का ते.

टाका

सगळी बाहुली मुक्या खांबाची आहे. घरात, म्हणजे खालच्या टाक्याच्या भोकात, सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढायचा. घरातून दोरा ओढताना एक छोटा फरक करून बघा: दोरा सुईवरून घेण्याऐवजी सुई दोऱ्याच्या वर नेऊन, दोरा खालून अडकवून ओढा. टाका इंग्रजी 'व्ही'सारखा न दिसता फुलीसारखा दिसतो आणि बराच घट्ट बसतो. भाच्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, कारण त्याला जुनी सवय मोडायची नव्हती. माझ्या हाताला वळण लागायला दोन संध्याकाळी गेल्या.

साधा म्हणजे एका घरात एक मुका खांब. वाढ म्हणजे एका घरात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन घरं मिळून एक. घट करताना दोन्ही घरांचा फक्त पुढचा दोरा सुईवर घ्या, मग भोक पडत नाही. सुरुवात मॅजिक रिंगने (दोऱ्याचा मोकळा वेढा, पहिले टाके त्यातच घालायचे) करा, म्हणजे मधलं तोंड ओढून पूर्ण बंद होतं.

फेऱ्या गोल गोल, न जोडता चढत जातात. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि फेरी संपली की कागदावर आकडा लिहून टाके मोजा. प्रत्येक फेरीला. माझ्या पहिल्या बाहुलीला मी मध्ये चार फेऱ्या मोजल्या नाहीत, टीव्ही बघत होते, आणि डोकं एका खांद्याकडे कललं. रात्री साडेअकरा वाजता सगळं उसवलं. भाच्याने मात्र पहिल्यापासून मोजलं. त्याच्या वहीत अजूनही रेघांचे गठ्ठे आहेत.

पाय आणि धड

पांढऱ्या लोकरीने रिंगमध्ये ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत एक साधा, एक वाढ असं तीनदा, म्हणजे ९. इथे अंगाचा रंग घ्या आणि ९ टाक्यांच्याच सहा फेऱ्या करा. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने ओढायचा, म्हणजे सांधा स्वच्छ येतो. एक पाय करून दोरा तोडा. दुसरा पाय तसाच करा आणि शेवटच्या टाक्यात गुलाबी घ्या.

आता जोडणी. दुसऱ्या पायावरून गुलाबी ३ साखळ्या (सुईवरच्या वेढ्यातून नुसता दोरा ओढला की एक साखळी) घाला, पहिल्या पायाच्या घरात सुई घालून त्याच्याभोवती ९ मुके खांब, मग साखळ्यांवर ३, दुसऱ्या पायाभोवती ९, साखळ्यांच्या दुसऱ्या बाजूवर ३. झाले २४. साखळ्यांच्या बाजूचे टाके हमखास निसटतात, तेव्हा २४ भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर खूण पाठीच्या मधोमध येईल इतके टाके पुढे सरका आणि पिन तिथे लावा. रंग बदलताना पडणारी पायरी मग पाठीकडे जाते, वरून केस येतात, कुणाला दिसत नाही.

२४ च्या आणखी चार फेऱ्या गुलाबी. सहावी फेरी लाल, कंबरेच्या पट्ट्याची, तिला ओबी म्हणतात. ही फेरी टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यात करायची, कारण पुढचे मोकळे राहिलेले २४ दोरे आपल्याला किमोनोच्या घोळासाठी लागणार आहेत. याच फेरीत दोन साधे, एक घट (घटही इथे मागच्याच दोऱ्यांत) असं सहादा, म्हणजे १८. सातवी लाल, १८. आठवी आणि नववी गुलाबी, १८. दहावीत एक साधा, एक घट सहादा, म्हणजे १२. पुढच्या दोन फेऱ्या अंगाच्या रंगात १२, ही मान.

नेझुकोच्या ओबीवर लाल-पांढरे चौकोन असतात. प्रत्येक टाक्याला रंग बदलून ते विणायचा मी प्रयत्न केला. टाके फेरीगणिक तिरके सरकत जातात, चौकोन काही जुळत नाहीत. लाल पट्टा विणा आणि शेवटी पांढऱ्या दोऱ्याने वरून एकाआड एक टाका भरा.

भरण विणता विणताच घाला, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत. मान ही बाहुलीची दुखरी जागा. तिथे जाड कापडाची घट्ट सुरळी धडापासून डोक्यापर्यंत उभी घाला आणि तिच्याभोवती फायबर ठासा. मान डुगडुगली की मूल बाहुली घेऊन झोपतं आणि दोन महिन्यांत डोकं लोंबायला लागतं. तारेचा तुकडा किंवा काडी कधीच नको, ती एक दिवस बाहेर येते.

डोकं

डोकं वेगळं करून शिवण्यापेक्षा मानेवरूनच वर चढवते. मानेच्या १२ टाक्यांत प्रत्येकी वाढ, २४. मग तीन साधे, एक वाढ, ३०. चार साधे, एक वाढ, ३६. आठ फेऱ्या सरळ ३६. मग उतरत यायचं: चार साधे एक घट, ३०; तीन साधे एक घट, २४; दोन साधे एक घट, १८. इथे थांबून भरून घ्या. गाल फुगले पाहिजेत. नंतर १२, मग ६, दोरा तोडून पुढच्या दोऱ्यांतून ओवून ओढा.

डोळे मी भरतकामाच्या दोऱ्यानेच करते, सहा पदरांपैकी दोन घेऊन. प्लॅस्टिकचे डोळे छान दिसतात, पण घरात तीन वर्षांच्या आतलं मूल येत-जात असेल तर ते लावू नका. निघाले तर थेट तोंडात जातात. सरळ आठ फेऱ्यांपैकी खालून दुसरी ते चौथी ही डोळ्यांची जागा, आणि दोन डोळ्यांमध्ये ६ टाके. डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली आले की चेहरा लहान मुलाचा होतो. आधी दोन टाचण्या लावून हातभर लांबून बघा. एका टाक्याने जागा सरकली तरी चेहऱ्यावरचा भाव बदलतो. आम्ही टाचण्या पाच वेळा हलवल्या, आणि भाचा दर वेळी "नाही, ही ती नाहीये" म्हणायचा. त्याचं बरोबर होतं. तिचे डोळे फिक्या गुलाबी रंगाचे आहेत. आधी तो गुलाबी भरला, मग वरच्या पापणीची काळी रेघ जाड आणि किंचित खाली झुकणारी घातली, शेवटी पांढरा एक ठिपका. ठिपका पडला आणि तो म्हणाला, "आता आहे."

तोंड बांबूखाली झाकलं जाणार, तरी एक आडवा टाका घाला. का ते शेवटी.

केस

या बाहुलीत सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावा. ३ मिलिमीटरच्या सुईने काळी टोपी: ६, १२, १८, २४, ३०, ३६, मग तीन फेऱ्या ३६. ही टोपी डोक्यावर थोडी मागे सरकवून बसवायची, म्हणजे कपाळ मोकळं राहतं.

पुढची १२ घरं कपाळासाठी सोडा. मागच्या २४ घरांत एकाआड एक अशा १२ बटा करायच्या. एक बट अशी: टोपीच्या काठावरून १८ काळ्या साखळ्या, मग केशरी घेऊन ८ साखळ्या. वळायचं, पहिली साखळी सोडून केशरीचे ७ मुके खांब. इथे गंमत बघा, आपण रंग बदलला होता त्याच जागी परत येतो आणि काळा दोरा तिथे आपली वाट बघत असतो. सातव्या केशरी टाक्याचा शेवटचा वेढा काळ्याने ओढा आणि काळ्या साखळ्यांवर १८ मुके खांब करत टोपीपर्यंत या. केशरी तिथे तोडून गाठ मारा, शेपट्या बोथट सुईने बटेच्या आत लपवा. पुढच्या घरात स्लिप स्टिच (घरातून ओढलेला दोरा तसाच सुईवरच्या वेढ्यातून काढायचा), त्याच्या पुढच्या घरातून नवी बट.

साखळी घट्ट घातलीत तर बट आपोआप पीळ खाते. एरवी हा दोष समजतात, पण नेझुकोच्या केसांची टोकं वळलेलीच असतात, तेव्हा केशरी साखळ्या मुद्दाम घट्ट घाला आणि काळ्या सैल. वरून केस सरळ उतरतात, खाली वळतात.

टोपी टाचण्यांनी बसवून काळ्या दोऱ्याने शिवा. भांगापासून दोन्ही बाजूंना लांब टाके घालून कपाळावरचे केस भरा, कानापाशी एकेक आखूड बट आणा. एका बाजूला छोटी गुलाबी रिबिनीची गाठ शिवा.

किमोनो

बाहुली उलटी धरा, पाय वर. मघाचे मोकळे २४ दोरे आता दिसतील. पोटाच्या मधोमध गुलाबी जोडा आणि अर्ध्या खांबाची (आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, घरातून दोरा ओढायचा, मग तिन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा) ओळ घाला, २४. हे गोल जोडायचं नाही, वळून परत यायचं. दुसऱ्या ओळीत तीन साधे, एक वाढ, ३०. मग ३० च्या चार ओळी. टोकं एकमेकींवर येतील.

कुठलं टोक वर घ्यायचं याला जपानमध्ये अर्थ आहे. नेसणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते. उलटं फक्त मृताला नेसवतात. बाहुली तुमच्याकडे तोंड करून उभी असताना तुमच्या उजव्या हाताकडचं टोक वर आलं पाहिजे. आपल्याकडे एखाद्याने बाहुलीला नऊवारी नेसवून पदर चुकवला तर जसं खटकेल, तसंच हे आहे.

किमोनोवरची नक्षी म्हणजे आसानोहा, धाग्यासाठी लावतात त्या भांगेच्या जातीच्या झाडाचं पान. ते झाड भराभर आणि सरळ वाढतं, म्हणून ही नक्षी जपानमध्ये तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर घालायची जुनी रीत आहे. बाळानेही तसंच वाढावं म्हणून. मूळ नक्षी बारीक त्रिकोणांची आहे, ती या मापात बसत नाही. एका बिंदूतून सहा दिशांना सहा टाके, फिक्या दोऱ्याने, असे आठ-दहा तारे घोळावर आणि दोन छातीवर. पुरेसे दिसतात. लाल भरतकामाचा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडावर चोळून बघा. माझ्या एका बाहुलीचा ओबीचा लाल रंग पहिल्याच धुण्यात गुलाबीवर उतरला आणि तो काही केल्या निघाला नाही.

हात, हाओरी

हात झटपट होतात. रिंगमध्ये ६, अंगाच्या रंगात दोन फेऱ्या ६, मग तपकिरी सात फेऱ्या. भरण फक्त पंजात. तोंड चपटं करून मानेखालच्या फेरीला शिवा.

हाओरी हा पुढून उघडा अंगरखा. तपकिरी १९ साखळ्या, त्यावर १८ मुके खांब. वळून दोन साधे, एक वाढ, २४. तिसऱ्या ओळीत ४ टाके, ३ साखळ्या घालून ४ घरं सोडायची, ८ टाके, पुन्हा ३ साखळ्या आणि ४ घरं सोडायची, शेवटी ४ टाके. ही हातांची भोकं. पुढे २२ टाक्यांच्या दहा-बारा ओळी, गुडघ्यापर्यंत येतील इतक्या. शिवून टाकू नका, काढता-घालता येऊ द्या.

बांबू

हा पूर्ण भाच्याने केला. हिरव्या ९ साखळ्या, त्यावर ८ मुके खांबांच्या तीन ओळी, लांबीच्या बाजूने सुरळी करून शिवायची. गडद हिरव्या दोऱ्याने दोन ठिकाणी वेढे घालून पेरं दाखवायची. सुरळीच्या आतून लाल साखळीचा दोरा ओवून डोक्यामागे, केसांच्या खालून बांधायचा. मी शिवून टाकायला सुई घेतली तर त्याने माझा हात धरला. "आत्या, शिवू नकोस. ताईला वाटलं तर काढता आला पाहिजे." म्हणून तोंडाचा तो आडवा टाका.

रोज संध्याकाळी तासभर, असे नऊ दिवस लागले. पेटी त्याने काजूकतलीच्या रिकाम्या खोक्याची केली. १४ सेंटिमीटरची बाहुली उभी मावेल असं कापलं, वर तपकिरी कागद चिकटवला, पेनने लाकडाच्या रेघा काढल्या, पुढे दार ठेवलं. खांद्याचे पट्टे मीच विणून दिले: ४५ साखळ्या, त्यावर एक ओळ मुके खांब, असे दोन. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झालं, आणि तो पेटी पाठीला लावून ताईसमोर पाठमोरा उभा राहिला. दार तिने उघडलं.